मधल्या हातांतून जाणारा एन्क्रिप्टेड मेसेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि इचलकरंजी इथल्या कारखान्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे. शिरोलीची एक फाउंड्री पुण्यातल्या पंप बनवणाऱ्या ग्राहकाला कास्टिंग पाठवते. चलन, ड्रॉइंग नंबर, नग, दर, बँक खातं हे सगळं एका मेसेजमध्ये असतं. हा मेसेज फाउंड्रीच्या ईआरपीतून (कारखान्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) निघतो, दोन्हीकडची सॉफ्टवेअर जोडून देणाऱ्या इंटिग्रेटर कंपनीच्या सर्व्हरवर थांबतो, तिथून ग्राहकाच्या गेटवेवर (त्याच्या नेटवर्कच्या दारावरच्या सर्व्हरवर) जातो आणि शेवटी ग्राहकाच्या ईआरपीत पोचतो. पुढे फाउंड्री, इंटिग्रेटर, गेटवे आणि ग्राहक हे शब्द याच अर्थाने वाचावेत. एन्क्रिप्ट करणं म्हणजे योग्य किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर बंद करणं.

१. आमच्याकडे सगळीकडे एचटीटीपीएस आहे. मग मेसेज आतून वेगळा एन्क्रिप्ट कशाला करायचा?

कारण एचटीटीपीएसच्या आत काम करणारं टीएलएस दोन यंत्रांमधल्या जोडणीला संरक्षण देतं. मेसेजला त्याचं संरक्षण तेवढ्या टप्प्यापुरतंच. फाउंड्रीपासून इंटिग्रेटरपर्यंत एक जोडणी, इंटिग्रेटरपासून गेटवेपर्यंत दुसरी. मधल्या सर्व्हरवर पहिली जोडणी संपते आणि मेसेज तिथे उघडा होतो. ट्रकला शिरोलीत ताडपत्री बांधली, कराडला माल दुसऱ्या गाडीत भरला आणि पुन्हा ताडपत्री बांधली, असं समजा. रस्त्यात माल भिजला नाही, पण कराडच्या गोडाऊनमध्ये तो उघड्यावर होता.

हा उघडेपणा फक्त मेमरीतला नसतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचंच घ्या. मेसेज ठरावीक बफरपेक्षा (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेपेक्षा) मोठा असला (६४ बिटांच्या यंत्रावर हा बफर सहसा १६ केबी असतो) की तो तात्पुरत्या फाइलमध्ये डिस्कवर लिहिला जातो. टीएलएस त्याआधीच संपलेलं असल्यामुळे डिस्कवर तुमचे दर आणि खातेक्रमांक साध्या अक्षरांत पडतात. २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ नेही यात फरक पडत नाही.

तरीही टीएलएस काढायचं नाही. मेसेजवर कोणत्या ग्राहकाचा कोड आहे, हेडरमध्ये (मेसेजच्या वरच्या माहितीत) ओळख पटवणारं कोणतं टोकन आहे, हे वाटेत झाकण्याचं काम तेच करतं. दोन्ही थर लागतात.

२. मध्यस्थ म्हणजे नेमकं कोण? आमच्यात तर फक्त एक इंटिग्रेटर आहे.

बहुतेकांना एकच दिसतो आणि मोजायला बसलं की चार निघतात. लोड बॅलन्सर (अनेक सर्व्हरांत भार वाटणारा), रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरच्या पुढे उभा राहून मेसेज घेणारा), वेब फायरवॉल (घातक मेसेज अडवणारी), सीडीएन (भाड्याचं सर्व्हरांचं जाळं), एपीआय गेटवे, मेसेजची रांग सांभाळणारा ब्रोकर, आणि जीएसटीसाठी सुविधा पुरवठादार, हे सगळे मधले हातच. काही मेसेज जसाच्या तसा पुढे ढकलतात. काही त्यात भर घालतात, तपासतात किंवा त्याचं रूप बदलतात. डोकेदुखी या दुसऱ्या प्रकारात आहे.

शोधायची एक सोपी पद्धत : फाउंड्रीच्या यंत्रावरून जोडणी करून समोरच्या सर्टिफिकेटचा (सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राचा) फिंगरप्रिंट, म्हणजे त्यावरून काढलेली छोटी खूण, घ्या. ग्राहकाला त्याच्या शेवटच्या सर्व्हरवरच्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट विचारा. दोन्ही वेगळे असतील तर टीएलएस वाटेतच कुठेतरी नक्की संपतं. सारखे असले तरी खात्री धरू नका, कारण तेच सर्टिफिकेट प्रॉक्सीवरही ठेवलेलं असू शकतं.

३. मग सगळाच मेसेज एन्क्रिप्ट करून टाकला तर प्रश्न मिटला ना?

मिटत नाही, दुसरा सुरू होतो. मेसेज कुठे पाठवायचा हेच इंटिग्रेटरला कळलं नाही तर तो तुमच्याकडे किल्ली मागतो. घाईच्या दिवशी कोणीतरी ती देऊन टाकतं. त्या क्षणापासून आतलं एन्क्रिप्शन केवळ नावाला उरतं.

म्हणून अल्गोरिदमकडे वळायच्या आधी एक कागद घ्या. डावीकडे मेसेजमधलं प्रत्येक फील्ड लिहा, वर प्रत्येक मधल्या हाताचं नाव. प्रत्येक चौकोनात तीनपैकी एकच शब्द : पाहतो, बदलतो, काही संबंध नाही. आपल्या उदाहरणात इंटिग्रेटरला ग्राहकाचा कोड, मेसेजचा प्रकार आणि मेसेज क्रमांक लागतो. दर, खातं, ड्रॉइंग नंबर यांच्याशी त्याचा संबंध नाही. गेटवेला पाठवणारा कोण आणि सही खरी का, एवढंच हवं. ज्या फील्डसमोर शेवटचा ग्राहक सोडून सगळीकडे "संबंध नाही" आलं, ते आत जातं. बाकीचं बाहेर राहतं, पण सहीखाली, म्हणजे मजकूर बदलला तर पकडणाऱ्या डिजिटल सहीखाली.

हा कागद करायला अर्धा दिवस लागतो. तो न करता थेट लायब्ररी बसवायला घेतलेली जोडणी पुढे हमखास अडते. "इंटिग्रेटरला हेही दिसायला हवं होतं" हे मग चाचणीच्या शेवटच्या आठवड्यात कळतं.

४. ग्राहकाची सार्वजनिक किल्ली इंटिग्रेटरने ईमेलने पाठवली. चालेल का?

तशीच वापरायची असेल तर नाही. सार्वजनिक किल्लीने बंद केलेला मजकूर फक्त तिच्या जोडीच्या खाजगी किल्लीने उघडतो. ज्याच्यापासून मजकूर झाकायचा त्याच्याच हातून आलेली किल्ली पडताळल्याशिवाय घेतली, तर तो ग्राहकाच्या नावावर स्वतःची किल्ली देऊ शकतो. मग तो मेसेज उघडेल, वाचेल, ग्राहकाच्या खऱ्या किल्लीने पुन्हा बंद करेल आणि पुढे पाठवेल. दोन्ही टोकांना सगळं सुरळीत दिसेल. इंटिग्रेटर प्रामाणिक असला तरी त्याचं ईमेल खातं फुटू शकतं.

किल्ली कुठूनही येऊ द्या, तिचा शा-२५६ फिंगरप्रिंट (शा-२५६ या पद्धतीने काढलेला हॅश, म्हणजे ठरावीक लांबीची खूण) ग्राहकाशी फोनवर वाचून जुळवा. तो ६४ अक्षरांचा असतो. फोन नंबर त्याच ईमेलमधला घेऊ नका, जुन्या पर्चेस ऑर्डरवरचा घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण या पानावरचं बाकी सगळं त्यावर उभं आहे.

५. सोप सर्व्हिसमध्ये कोणता भाग कोणासाठी, हे कसं सांगतात?

सोप म्हणजे एक्सएमएलमध्ये, टॅगांच्या आत, मेसेज लिहून पाठवायची पद्धत; त्यात एन्व्हलपच्या आत वर हेडर आणि खाली बॉडी असते. कोणता भाग कोणासाठी हे हेडर ब्लॉकवरच्या गुणधर्मांनी सांगतात. सोप १.१ मध्ये त्याला 'ॲक्टर' म्हणत, २००३ साली शिफारस झालेल्या सोप १.२ मध्ये 'रोल' म्हणतात. रोल 'नेक्स्ट' असेल तर वाटेतल्या प्रत्येक थांब्याला तो ब्लॉक लागू होतो. रोल लिहिलाच नाही तर ब्लॉक शेवटच्या ग्राहकासाठी आहे असं धरतात. 'मस्ट-अंडरस्टँड' खरं असेल आणि ज्याच्यासाठी ब्लॉक आहे त्याला तो समजला नाही, तर त्याने मेसेज पुढे न नेता फॉल्ट (एररचं उत्तर) द्यायचा असतो.

गोंधळ होतो तो पुढच्या नियमात : मधल्या थांब्याने स्वतःसाठी असलेला ब्लॉक हाताळला की तो काढून टाकायचा. न हाताळलेला ब्लॉकही सोप १.२ मध्ये पुढे जात नाही, त्यावर 'रिले' खरं असल्याशिवाय. "हेडर मध्येच गायब झाला" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

सिक्युरिटी हेडरलाही हेच लागू. एका मेसेजमध्ये असे अनेक हेडर चालतात, पण प्रत्येकाचा रोल वेगळा हवा. गेटवेसाठी एक, ग्राहकासाठी दुसरा. दोन्ही एकाच हेडरमध्ये कोंबले तर गेटवे आपलं काम झाल्यावर ग्राहकाचाही भाग काढून टाकतो.

६. सोपची संपूर्ण बॉडी एन्क्रिप्ट केली तर गेटवे "अवैध मेसेज" म्हणतो. का?

सोपच्या सुरक्षेचं मानक असलेल्या डब्ल्यूएस-सिक्युरिटीच्या नियमानुसार एन्व्हलप, हेडर आणि बॉडी हे तीन टॅग स्वतः एन्क्रिप्ट करायचे नसतात, त्यांच्या आतला मजकूर करायचा असतो. एक्सएमएल एन्क्रिप्शनमध्ये दोन प्रकार आहेत : 'एलिमेंट' म्हणजे टॅगसकट, 'कंटेंट' म्हणजे टॅग ठेवून आतलं. बॉडीसाठी 'कंटेंट' निवडा. दर किंवा खातं यांसारख्या एकेका फील्डसाठी 'एलिमेंट' बरा, कारण टॅगचं नावही माहिती फोडतं. 'सवलत टक्केवारी' असा टॅग बाहेर दिसला तर सवलत आहे एवढं तरी कळलंच.

हेडर ब्लॉकच एन्क्रिप्ट करायचा असेल तर डब्ल्यूएस-सिक्युरिटी १.१ मध्ये 'एन्क्रिप्टेड-हेडर' नावाचं वेष्टन आहे. मूळ ब्लॉकवरचे रोल आणि मस्ट-अंडरस्टँड हे गुणधर्म त्या वेष्टनावर उतरवले जातात, त्यामुळे मधल्यांना नियम पाळता येतात. फक्त १.० येणारी लायब्ररी हे ओळखत नाही.

७. आम्ही जेसन वापरतो. तिथे हे कसं?

जेडब्ल्यूई (जेसन मेसेज एन्क्रिप्ट करायचा ठरलेला साचा) वापरा. २०१५ साली ते मानक म्हणून आलं आणि बहुतेक भाषांत त्याच्या लायब्ररी आहेत. आत घडतं ते असं :

१) प्रत्येक मेसेजसाठी २५६ बिटांची नवी यादृच्छिक किल्ली तयार होते.
२) ती ग्राहकाच्या सार्वजनिक किल्लीने, आरएसए-ओएईपी पद्धतीने, बंद केली जाते.
३) १२ बाइटांचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) तयार होतो.
४) मजकूर एईएस-जीसीएम या पद्धतीने एन्क्रिप्ट होतो आणि १६ बाइटांचा टॅग निघतो. हा एक्सएमएलचा टॅग नाही, मजकूर बदलला का हे ओळखणारा शिक्का आहे. हेडर उघडाच राहतो, पण तो या टॅगच्या हिशेबात धरलेला असतो.
५) हेडर, बंद किल्ली, नॉन्स, एन्क्रिप्टेड मजकूर आणि टॅग असे पाच भाग टिंबांनी जोडले जातात.

तीनच भाग दिसत असतील तर ते जेडब्ल्यूएस आहे, म्हणजे नुसती सही. त्यातला मजकूर बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) असतो आणि कोणीही वाचू शकतो. "टोकन एन्क्रिप्टेड आहे" असं सांगून हेच दाखवलं जातं, म्हणून टिंबं मोजायची सवय ठेवा.

आरएसएने थेट अख्खा मेसेज बंद करता येत नाही. २०४८ बिटांच्या किल्लीत ओएईपी आणि शा-२५६ धरून १९० बाइटच मावतात. चाचणीत छोटा मेसेज चालतो आणि प्रत्यक्षात पन्नास ओळींचं चलन अडतं, त्याचं कारण हे.

आणि एक गोष्ट पक्की करा. कोणते अल्गोरिदम स्वीकारायचे याची यादी ग्राहकाच्या कोडमध्ये लिहिलेली असावी. मेसेजच्या हेडरमध्ये जे नाव येईल ते मुकाट्याने वापरणं धोक्याचं आहे.

८. आधी सही की आधी एन्क्रिप्शन?

सहसा आधी मूळ मजकुरावर सही, मग दोन्ही मिळून एन्क्रिप्ट. सही करणाऱ्याने काय वाचून सही केली हे नंतर वादात दाखवता येतं, आणि मधल्यांना सहीवरून मजकुराचा अंदाज बांधता येत नाही.

यात एक फट राहते. ग्राहक मेसेज उघडून तोच सहीचा मजकूर तिसऱ्याच्या किल्लीने बंद करून पाठवू शकतो, आणि फाउंड्रीने तो त्यालाच पाठवला असं भासतं. म्हणून सहीखालच्या मजकुरात पाठवणारा, घेणारा, मेसेज क्रमांक आणि वेळ ही चारही फील्ड हवीत.

गेटवेला किल्ली न देता खरेपणा तपासता यायला हवा असेल, तर एन्क्रिप्टेड मजकुरावर आणखी एक बाहेरची सही करा. आतली सही ग्राहकासाठी, बाहेरची गेटवेसाठी.

९. इंटिग्रेटर म्हणतो "आम्ही काहीच बदललं नाही", तरी सही जुळत नाही.

तो बहुधा त्याच्या समजुतीप्रमाणे खरंच बोलतोय. मेसेज वाचून पुन्हा लिहिणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला "काहीच न बदलणं" जमत नाही. नेहमीचे दोषी :

एक्सएमएलमध्ये टॅग सुबक दिसावेत म्हणून घातलेल्या मोकळ्या जागा. नेमस्पेसचा (टॅगची नावं कोणत्या संचातली हे सांगणाऱ्या खुणेचा) बदललेला प्रीफिक्स. विंडोज आणि लिनक्समधला ओळ संपवण्याचा फरक. फाइलच्या सुरुवातीला चिकटलेला बीओएम (न दिसणारी युनिकोडची खूण). जेसनमध्ये फील्डचा बदललेला क्रम, किंवा १०.० चं १० होणं. मराठी मजकुरात आणखी एक आहे : 'ऱ' किंवा नुक्त्याची अक्षरं युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतात. मधल्या सॉफ्टवेअरने ती एका तऱ्हेवर आणली की डोळ्यांना काही दिसत नाही, पण बाइट बदललेले असतात. गावाचं किंवा मालकाचं नाव देवनागरीत जात असेल तर हे आधी तपासा.

शोधायचं कसं? प्रत्येक थांब्यावर मेसेज आत येताना आणि बाहेर जाताना त्याचा शा-२५६ हॅश लॉगमध्ये लिहा. ज्या थांब्यावर दोन हॅश वेगळे, तिथे दोष. अंदाज बांधत आठवडा घालवण्यापेक्षा हे एका दुपारी होतं.

उपाय : एक्सएमएलसाठी एक्सक्लुझिव्ह कॅनॉनिकलायझेशन (सहीआधी मजकूर एका ठरावीक रूपात आणणं) वापरा. नेमस्पेसचा संदर्भ बदलल्याचा त्रास त्याने टळतो, पण सुबकपणासाठी घातलेल्या जागा त्याने पुसल्या जात नाहीत. जेसनसाठी जेडब्ल्यूएस, कारण त्यात मजकूर बेस६४ मध्ये गोठवलेला असतो आणि मधलं सॉफ्टवेअर त्याला नुसती अक्षरमाला समजतं.

१०. दर ग्राहकाला आणि खातेक्रमांक त्याच्या बँकेला, असे दोन घेणारे असतील तर?

दोघांना वेगळा मजकूर दिसायचा असेल तर दोन वेगळे एन्क्रिप्टेड ब्लॉक करा. तोच मजकूर दोघांना हवा असेल तर मजकूर एकदाच एन्क्रिप्ट करून त्याची किल्ली दोघांसाठी वेगवेगळी बंद करता येते. एक्सएमएलमध्ये दोन 'एन्क्रिप्टेड-की', जेसनमध्ये जेडब्ल्यूईचं जेसन रूप. टिंबांनी जोडलेल्या छोट्या रूपात एकच घेणारा मावतो.

११. इंटिग्रेटरला मेसेजमध्ये गाडी नंबर भरावा लागतो. त्यासाठी त्याला किल्ली द्यावी लागेल ना?

नाही, आणि देऊही नये. कास्टिंग तयार झाल्यावर चलन निघतं, गाडी नंतर ठरते, त्यामुळे ही गरज खरी आहे. पण त्यासाठी तुमचा ब्लॉक उघडायची गरज नाही. इंटिग्रेटरने गाडी नंबर आणि ई-वे बिल क्रमांकाचा वेगळा ब्लॉक जोडावा, त्यात तुमच्या मेसेजचा क्रमांक व हॅश लिहावा आणि त्यावर स्वतःच्या किल्लीने सही करावी. चुकीचा गाडी नंबर गेला तर तो कोणी भरला हे सहीवरून लगेच कळतं. एकाच ब्लॉकमध्ये दोघांनी लिहिलं की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

१२. राउटिंगसाठी ऑर्डर नंबर बाहेर ठेवलाय आणि आतही आहे. दोन ठिकाणी ठेवणं बरोबर का?

बरोबर, पण ग्राहकाने मेसेज उघडल्यावर दोन्ही जुळवलेच पाहिजेत, आणि जुळले नाहीत तर मेसेज नाकारायचा. आतला क्रमांक प्रमाण. जेडब्ल्यूईत बाहेरची प्रत संरक्षित हेडरमध्ये ठेवा म्हणजे कोणी बदलली तर टॅग तुटतो. एचटीटीपी हेडरमध्ये ठेवलेल्या प्रतीला असं कोणतंही संरक्षण नसतं.

सोपमध्ये याच्याशी जवळचा एक हल्ला आहे. सहीचा मूळ भाग मेसेजमध्ये दुसरीकडे हलवायचा आणि त्याच्या जागी खोटा भाग ठेवायचा. सही तपासणारा कोड आयडीवरून मूळ भाग शोधतो आणि "खरं आहे" म्हणतो, व्यवहार करणारा कोड मात्र जागेवरून खोटा भाग उचलतो. म्हणून जो भाग सहीने तपासला, तोच पुढच्या कोडला द्या, पुन्हा शोधायला लावू नका.

१३. फायरवॉलला आतलं दिसत नाही, म्हणून सिक्युरिटी टीम आक्षेप घेते.

आक्षेप रास्त आहे. एन्क्रिप्टेड मजकुरात काय दडलंय ते फायरवॉलला कळणार नाही. म्हणून स्कीमा तपासणी (मेसेज ठरलेल्या साच्यात आहे का ते पाहणं), लांबीची मर्यादा, एक्सएमएलमधल्या बाहेरच्या एन्टिटी (बाहेरची फाइल ओढून आणणारे संदर्भ) बंद करणं, हे सगळं उघडल्यानंतर पुन्हा करावं लागतं. सही खरी आहे याचा अर्थ मजकूर निर्धोक आहे असा होत नाही. फाउंड्रीचं यंत्रच बाधित असेल तर ते बाधित मजकुरावर चोख सही करेल.

ग्राहकाकडे मोठा व्याप असेल तर त्याच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये, गेटवेच्या मागे, उघडण्याचं काम करणारी एक वेगळी सर्व्हिस ठेवावी आणि तपासणी तिथे करावी. ती भाड्याच्या सीडीएनवर ठेवू नये.

१४. ड्रॉइंगची पीडीएफ ७८० केबीची आहे, मर्यादा १ एमबी आहे, तरी ४१३ (मेसेज फार मोठा) एरर येतो.

बेस६४ मुळे आकार एक तृतीयांशाने वाढतो. पीडीएफ जेसनमध्ये घालताना एकदा, ७८० चे १०४० केबी. तेच जेडब्ल्यूईत गेल्यावर पुन्हा एकदा, साधारण १३८७ केबी. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी, म्हणजे १०२४ केबी. वाटेतल्या प्रत्येक थांब्याची मर्यादा वेगळी असते आणि सर्वांत लहान मर्यादा चालते, म्हणून सगळीकडे विचारा.

मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा फाइल वेगळी एन्क्रिप्ट करून वेगळी चढवा आणि मेसेजमध्ये तिचा पत्ता, हॅश व किल्ली एवढंच पाठवा. किल्ली अर्थातच एन्क्रिप्टेड भागात.

मधल्या सर्व्हरवर जीझिप (मजकूर आवळायची पद्धत) लावून फार फायदा होत नाही, कारण एन्क्रिप्टेड मजकूर आवळला जात नाही. बेस६४ ने वाढवलेलं तेवढं परत मिळतं. एन्क्रिप्ट करण्याआधी आवळलं तर लांबीवरून आतल्या मजकुराचा सुगावा लागू शकतो. २०१२ सालचा 'क्राइम' नावाचा हल्ला याच तत्त्वावर होता.

१५. नेट गेलं की ईआरपी तोच मेसेज पुन्हा पाठवते. ग्राहकाकडे दोनदा चलन पडतं.

मेसेज क्रमांक सहीखाली असू द्या आणि ग्राहकाने पाहिलेले क्रमांक ठेवावेत. दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत द्यावं. वेळेची खिडकी ५ मिनिटांची ठेवायची पद्धत आहे, पण मध्ये रांग असेल तर ती चुकीची ठरते : रांगेत तासभर थांबलेला प्रामाणिक मेसेजही शिळा ठरतो. तिथे खिडकी रांगेच्या कमाल मुदतीएवढी धरा आणि क्रमांक त्याहून जास्त काळ जपा.

पुन्हा पाठवताना आधी तयार केलेले बाइटच पाठवा. तेच किल्ली-नॉन्स ठेवून आतली वेळ बदलून पुन्हा एन्क्रिप्ट केलं तर जीसीएमचं संरक्षण कोसळतं. दोन मजकुरांतला फरक उघड होतो आणि खोटे टॅग बनवता येतात. दर मेसेजला नवी किल्ली घेतली (प्रश्न ७) तर ही भीती राहत नाही.

१६. ई-इन्व्हॉइसमध्ये हे आधीच असतं का? सुविधा पुरवठादाराला आमचं बिल दिसतं का?

जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलच्या एपीआयमध्ये पेलोडचं (आतल्या बिलाच्या मजकुराचं) वेगळं एन्क्रिप्शन आहेच. तुमचा प्रोग्रॅम ३२ बाइटांची ॲप-की (आपली गुप्त किल्ली) तयार करतो. युजरनेम-पासवर्डसह ती पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीने बंद होऊन जाते. उत्तरात ६ तासांचं टोकन आणि ॲप-कीने बंद केलेली सेशन किल्ली येते. पुढचं प्रत्येक बिल त्या सेशन किल्लीने एन्क्रिप्ट होतं.

पुरवठादाराला दिसतं की नाही, हे ॲप-की कोण तयार करतं यावर ठरतं. तुमच्या यंत्रावर तयार होत असेल तर त्याच्या हातून नुसता बंद मजकूर जातो. "तुम्ही साधा जेसन द्या, एन्क्रिप्शन आम्ही करतो" अशी सोपी सेवा घेतली असेल तर तो सगळं वाचू शकतो. सोय म्हणून ते चालेल, पण मग करारात लॉग आणि साठवणुकीबद्दल स्पष्ट लिहून घ्या.

या पोर्टलसाठी एईएस ईसीबी पद्धतीत (प्रत्येक ब्लॉक सुटा बंद करून) वापरावं लागतं. तिथे तेच पाळा, पण स्वतःच्या जोडणीत ईसीबी आणू नका, कारण सारखे ब्लॉक सारखेच दिसतात. आयआरएन, म्हणजे पोर्टलवरचा बिलाचा संदर्भ क्रमांक, हा ६४ अक्षरी हॅश आहे आणि परत येणाऱ्या बिलावर पोर्टलची सही असते. ती सही स्वतः तपासा, पुरवठादाराच्या "यशस्वी" या शब्दावर थांबू नका.

१७. मधला हात आंधळा ठेवून मोठ्या प्रमाणात काम चालतं, असं एखादं उदाहरण आहे का?

अकाउंट ॲग्रिगेटर. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली त्यांच्यासाठी निर्देश काढले. खातेदाराच्या संमतीने एका बँकेतली माहिती कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जाते, ॲग्रिगेटरच्या हातून, पण त्याला ती वाचता येत नाही. दोन्ही टोकं प्रत्येक मागणीसाठी कर्व्ह२५५१९ या गणिती वक्रावर नव्या किल्ल्यांच्या जोड्या बनवतात आणि त्यांतून सामाईक किल्ली काढतात. किल्ल्या टाकून दिल्या की जुना पकडून ठेवलेला मेसेज पुढे कोणालाही उघडता येत नाही. प्रश्न ७ मधल्या कायमच्या आरएसए किल्लीत हा फायदा मिळत नाही.

१८. उघडताना चूक झाली तर इंटिग्रेटरला काय सांगायचं?

"मेसेज स्वीकारता आला नाही" आणि एक संदर्भ क्रमांक. पॅडिंग (लांबी भरून काढायला शेवटी जोडलेले बाइट) चुकलं, की एक्सएमएल चुकलं, की सही चुकली, हे बाहेर सांगू नका. २०११ साली यागर आणि सोमोरोव्स्की यांनी दाखवलं की एक्सएमएल एन्क्रिप्शनमध्ये सीबीसी (बदल ओळखणारा टॅग नसलेली जुनी) पद्धत असेल तर एररच्या फरकावरून मूळ मजकूर बाइट-बाइट काढता येतो, किल्ली नसतानाही. एक्सएमएल एन्क्रिप्शनच्या २०१३ च्या १.१ आवृत्तीत जीसीएम आलं. आरएसएच्या जुन्या १.५ पॅडिंगवरचा असाच हल्ला १९९८ पासून माहीत आहे.

सविस्तर कारण ग्राहकाच्या आतल्या लॉगमध्ये जाऊ दे. आणि फॉल्टच्या उत्तरात मूळ मजकूर परत जोडला जात नाही ना, ते पाहा. मेसेज एन्क्रिप्टेड आला आणि एररमध्ये साधा परत गेला, असं होतं.

१९. समोरचं जुनं सॉफ्टवेअर सीबीसीशिवाय काही जाणत नाही.

मग एन्क्रिप्टेड मजकुरावर बाहेरची सही सक्तीची करा आणि ती जुळल्याशिवाय उघडायचा प्रयत्नच करू नका. उत्तर एकाच साच्याचं ठेवा, सलग चुका झाल्या की पाठवणाऱ्याला थांबवा. ही तात्पुरती सोय आहे, ती कधी काढणार ती तारीख लेखी ठरवा.

२०. लॉगमध्ये काय ठेवायचं?

वेळ, मेसेज क्रमांक, पाठवणारा, किल्लीची ओळख, आकार, हॅश, निकाल. उघडलेला मजकूर नाही, टोकन नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, त्यामुळे चुकून लिहिलेला खातेक्रमांकही सहा महिने पडून राहतो. डिबग लॉग चाचणीनंतर बंद झाला का, ते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

मेसेजमध्ये ड्रायव्हरचं नाव आणि मोबाइल असेल तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही येतो. काम इंटिग्रेटरला दिलं तरी जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्याकडेच राहते, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

२१. किल्ली बदलताना दरवेळी दोन दिवस मेसेज अडतात.

क्रम उलटा होत असणार. ग्राहकाने आधी नवी खाजगी किल्ली आपल्या सर्व्हरवर बसवावी, जुनीही राहू द्यावी. मग नवी सार्वजनिक किल्ली जाहीर करावी. फाउंड्रीने ती प्रश्न ४ प्रमाणे पडताळून वापरायला घ्यावी. मधला एखादा सर्व्हर किल्ल्यांची यादी २४ तास कॅशमध्ये ठेवत असेल तर तेवढं थांबावं. जुनी खाजगी किल्ली रांगेतला सर्वांत जुना मेसेज संपेपर्यंत काढू नये. प्रत्येक मेसेजच्या हेडरमध्ये किल्लीची ओळख असली की कोणती वापरायची हे आपोआप कळतं.

सहीची किल्ली बदलताना सही करणाऱ्याने नवी सार्वजनिक किल्ली आधी जाहीर करावी, नव्या किल्लीने सही नंतर सुरू करावी.

२२. ग्राहकाची खाजगी किल्लीच गेली, बॅकअप नाही. रांगेतल्या मेसेजचं काय?

ते उघडणार नाहीत. इंटिग्रेटरकडेही काही उपाय नाही, आणि असता तर एन्क्रिप्शनच खोटं ठरलं असतं. रांगेतले मेसेज क्रमांकांची यादी करून बाजूला काढावेत, नवी किल्ली प्रश्न ४ प्रमाणे पडताळून घ्यावी आणि फाउंड्रीने ते मेसेज मूळ नोंदींवरून नव्याने तयार करावेत. क्रमांक मात्र जुनेच ठेवावेत, म्हणजे त्यातला एखादा आधीच पोचला असेल तर प्रश्न १५ मधली तपासणी त्याला थांबवेल. यासाठी पाठवणाऱ्याने पोचपावती हाती येईपर्यंत मूळ नोंद पुसायची नसते. पोचपावती म्हणजे ग्राहकाची सही असलेलं उत्तर, इंटिग्रेटरचा २०० कोड (त्याच्या सर्व्हरला मेसेज मिळाला एवढंच सांगणारा) धरायचा नाही.